१९ वा क्रमांक, आणि ‘लहान देश’ म्हणजे नेमकं काय

कोजागिरीच्या आसपास रात्री सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर कधी उभे राहिला आहात का? हजारो लोक चालत निघालेले असतात. कुणाच्या पायात चप्पल, कुणी अनवाणी. अंतर साधारण ४५ किलोमीटर. रात्रभर चाललं की पहाटे-सकाळी आई भवानीच्या दारात.

आता जवळपास तेवढंच अंतर एका बेळगावच्या तरुणानं २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत कापलं, असं सांगितलं तर? त्याचं नाव फडेप्पा चौगुले. तारीख २२ ऑगस्ट १९२०, ठिकाण बेल्जियममधलं अँटवर्प. ऑलिंपिकची मॅरेथॉन तेव्हा ठरलेल्या लांबीची नव्हती. अँटवर्पला ती ४२.७५० किलोमीटर होती आणि आजवरच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये तीच सगळ्यात लांब. चौगुले १९ वा आला.

आपण विज्ञानवाले निकालाचा तक्ता हातात आला की वरची एक-दोन ओळ वाचतो आणि पान उलटतो. आज तसं करू नका. हा एकच तक्ता आपण सावकाश वाचणार आहोत, कारण ‘लहान देशाचे खेळाडू मोठ्या स्पर्धेत’ या विषयावर मला जे म्हणायचं आहे, ते सगळं त्यात आहे.

तक्त्याच्या चार ओळी

पहिला आला फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन, २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंद. दुसरा एस्टोनियाचा युरी लॉसमन, फक्त १२.८ सेकंद मागे. त्या वेगानं हिशोब केला तर पावणेत्रेचाळीस किलोमीटर पळून झाल्यावर दोघांत अंतर उरलं जेमतेम ६० मीटर. तिसरा इटलीचा व्हॅलेरियो अर्री. आणि खाली १९ व्या ओळीत आपला चौगुले.

चौगुलेचा वेग काढू. ४२.७५ किलोमीटरला १०,२४५ सेकंद, म्हणजे एका किलोमीटरला जवळपास बरोब्बर ४ मिनिटं. कोलेमाइनेनचा वेग किलोमीटरला ३ मिनिटं ३४ सेकंद. फरक सुमारे १२ टक्के. ज्याच्या मागे ना प्रशिक्षणाची परंपरा, ना युरोपातल्या हवेची सवय, त्याच्यासाठी हा फरक लाजिरवाणा मुळीच नाही.

आता वेळ सोडा, देशांची नावं बघा. कोलेमाइनेन १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्येही होता. तिथं त्यानं तीन सुवर्णपदकं जिंकली, पण फिनलंड तेव्हा रशियाच्या ताब्यात. फिनिश संघ वेगळा खेळला खरा, पण विजयानंतर वर चढायचा तो रशियाचा झेंडा. तो बघून ‘जिंकलो नसतो तर बरं झालं असतं’ असं त्याला वाटलं, असं सांगतात. फिनलंड स्वतंत्र झाला डिसेंबर १९१७ मध्ये. अँटवर्पला तोच माणूस पुन्हा जिंकला, या वेळी स्वतःच्या झेंड्याखाली.

लॉसमनचा एस्टोनिया तर अगदी ताजा. १९१८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं आणि फेब्रुवारी १९२० मध्ये रशियानं ते तहात मान्य केलं. सहा महिन्यांत त्यांचे १४ खेळाडू अँटवर्पला हजर! लोकसंख्या किती? साधारण ११ लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. म्हणजे सोलापूरपेक्षा थोडासाच मोठा देश. त्यांनी एक सुवर्ण आणि दोन रौप्यपदकं नेली.

आणि १९ व्या ओळीत ‘भारत’. लोकसंख्या सुमारे ३२ कोटी, खेळाडू सहा. स्वतःचं राज्य नाही, स्वतःचा झेंडा नाही.

छेद कुठला धरायचा?

दर ऑलिंपिकनंतर आपल्या मोबाईलवर एक हिशोब फिरतो: दर दहा लाख लोकसंख्येमागे कुणाला किती पदकं. त्यात छोटे देश वर, आपण तळाला. मग दोन दिवस हळहळ. गणित बरोबर असतं, पण अपूर्णांकातला छेद चुकलेला असतो.

बघा ना. १९२० च्या एस्टोनियात साधारण ७९ हजार माणसांमागे एक खेळाडू होता. भारतात ५ कोटी ३० लाखांमागे एक. पण या ५ कोटींना संधी मिळाली होती आणि त्यांतून एक निवडला गेला, असं झालं होतं का? नाही. प्रयोगात नमुना निवडताना आपण विचारतो, की निवड होण्याची शक्यता नेमकी कुणाला होती? खरा छेद तोच. १९२० मध्ये तो छेद ३२ कोटी नव्हताच. पुण्याच्या एका मैदानापर्यंत जे पोचू शकले, तेवढेच तो होता.

ते मैदान डेक्कन जिमखान्याचं. ही संस्था १९०६ ची. १९१९-२० च्या सुमारास तिच्या वार्षिक स्पर्धेला अध्यक्ष सर दोराबजी टाटा आले होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत बरेचसे शेतकरी अनवाणी धावत होते. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या तोडीच्या आहेत, हे दोराबजींच्या लक्षात आलं. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याकडे त्यांनी शब्द टाकला, ऑलिंपिकमध्ये भारताला जागा मिळवली आणि निवड चाचण्या ठेवल्या. खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलला.

तयारी किती होती? एक किस्सा सांगितला जातो. १०० मीटर धावायला किती वेळ लागावा, असं दोराबजींनी समितीत विचारलं. उत्तर आलं, एक-दोन मिनिटं असेल! इथं सेकंदांच्या भागांचा हिशोब असतो, हे त्यांना समजावून सांगावं लागलं. हसू येतं खरं, पण हसून सोडू नका. जिथं घड्याळ लावून पळायची रीतच नाही, तिथं आपला माणूस वेगवान आहे हे कळणार तरी कसं? मोजमाप नसेल तर गुणवत्ता दिसत नाही. प्रयोगशाळेत हे आपण रोज अनुभवतो.

संघ ठरला. धावायला पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि एच. डी. कैकाडी. कुस्तीला कुमार नवले आणि रणधीर शिंदेस. संचलनात पुढे बॅनर्जी. याच ऑलिंपिकमध्ये पाच वर्तुळांचा झेंडा पहिल्यांदा फडकला आणि खेळाडूंची शपथ पहिल्यांदा घेतली गेली. आपली सहा माणसं तिथं उभी होती.

हुकलेलं कांस्य

या संघातली माझ्या मनात सगळ्यात जास्त रुतलेली गोष्ट मॅरेथॉनची नाही, कुस्तीची आहे. फ्री स्टाइलच्या फेदरवेट गटात शिंदेस कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोचला. समोर कोण? ब्रिटनचा फिलिप बर्नार्ड. शिंदेस हरला.

थोडं थांबून विचार करा. लाल मातीत वाढलेला मल्ल परक्या गादीवर उभा आहे, त्याच्या देशावर राज्य करणाऱ्या देशाचा पैलवान समोर आहे आणि पणाला पदक आहे. पदकतालिकेत यातलं काहीच उरत नाही. तिथं ‘भारत १९२०’ पुढे शून्य. १९ वा क्रमांकही शून्य आणि कांस्याची हरलेली लढतही शून्य. एवढी माहिती गाळून टाकणारं माप आपण देशाच्या लायकीचं माप म्हणून वापरतो, हे मला पटत नाही.

झेंड्याचा प्रश्न

झेंडा म्हटलं की सोलापूरकराला १९३० आठवणारच. त्या वर्षी आपल्या नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा चढला. मे महिन्यात गोळीबार झाला, पाठोपाठ मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो.

हे इथं का सांगतोय? अँटवर्पनंतर अवघ्या दहा वर्षांत इथली माणसं ज्यासाठी जीव देत होती, ते एस्टोनियाच्या १४ खेळाडूंना १९२० मध्येच मिळालेलं होतं. उलट भारत १९२० मध्ये राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य होता आणि एस्टोनियाला तिथं प्रवेश मिळाला १९२१ मध्ये. कागदावर देश असणं आणि स्वतःचा देश असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि मिळालेला झेंडा कायम राहतो असंही नाही. १९४० मध्ये सोव्हिएत संघानं एस्टोनिया गिळला. पुढे अर्धं शतक त्यांचे खेळाडू सोव्हिएत नावानं खेळले. सायकलपटू एरिका सालुमाए १९८८ ला सोलमध्ये सोव्हिएत संघासाठी सुवर्ण जिंकली, १९९२ ला बार्सिलोनात तीच शर्यत एस्टोनियासाठी. त्या दिवशी संयोजकांनी एस्टोनियाचा झेंडा चक्क उलटा चढवला! इतक्या वर्षांत तो कसा असतो हेच लोक विसरले होते.

झेंडा आला, भाड्याचं काय?

आपला झेंडा आला १९४७ ला. त्याखाली १९५२ च्या हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं. शिंदेसनं हुकवलेलं पदक ३२ वर्षांनी आलं. पण प्रवासाचे पैसे? गावानं वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर ७,००० रुपयांना गहाण ठेवलं. परत आल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी मग कुस्त्यांची मैदानं भरवली आणि ते घर सोडवायला हातभार लावला.

म्हणजे स्वतंत्र, चाळीसेक कोटींच्या देशाचा ऑलिंपिकमधला खरा आकार तेव्हा किती होता? एक गाव, एक कॉलेज आणि एका प्राचार्याचं घर. माझ्या हिशोबानं आपण तोवर ‘लहान देश’च होतो, ११ लाखांच्या एस्टोनियाहूनही लहान.

देशाचा आकार नकाशावर किंवा जनगणनेत मोजायचा नसतो. किती मुलांना पळताना कुणीतरी घड्याळ लावून बघतं, किती जणांच्या गावाजवळ पोहायचा तलाव, गादी, मैदान आहे, यावर तो ठरतो. आपल्याच जिल्ह्यात, करमाळा तालुक्यातल्या पांगरे गावचा सुयश जाधव लहानपणी दोन्ही हात गमावूनही २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये पोहला आणि २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण जिंकला. त्याचं कौतुक करूच. पण त्याच वेळी अंशाबरोबर छेदही विचारू: आपल्या तालुक्यात अशी संधी किती जणांपर्यंत पोचली?

येत्या कोजागिरीला तुळजापूरच्या रस्त्यावर गेलात तर चालणाऱ्या गर्दीकडं जरा नीट बघा. त्यात कुणी झपाझप पुढे निघालेला असेल. त्याच्यासाठी घड्याळ लावलेलं आहे का कुणी?