कपॅसिटर, हौशी रेडिओच्या घरगुती पॉवर ॲम्प्लिफायरमधील

दोन वाहक पृष्ठांमध्ये विद्युतरोधक थर ठेवून विद्युतभार साठवणारा घटक म्हणजे कपॅसिटर. पाठ्यपुस्तकांत त्याला धारित्र म्हणतात, तर जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांच्या तोंडी तो कंडेन्सर असतो. हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम, आपल्या ट्रान्समीटरचे शंभरेक वॉट वाढवून काही शे वॉटांपर्यंत नेण्यासाठी जो ॲम्प्लिफायर स्वतः बांधतात त्याला ते ‘लिनिअर’ म्हणतात. अमेरिकेत कायद्याने १५०० वॉट शिखरशक्तीची मुभा आहे. भारतात परवान्याच्या श्रेणीनुसार मर्यादा ठरते. लिनिअर बांधताना पैसा आणि काळजी बहुतेक व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि पंख्यावर खर्च होते, आणि कपॅसिटर मात्र खोक्यात सापडेल तो लागतो. त्याच्या अंगावर दोन आकडे छापलेले असतात, धारिता आणि व्होल्टेज. तो किती रेडिओ कंप्रतेचा (आरएफ) प्रवाह सोसेल, हा तिसरा आकडा बहुधा छापलेला नसतो, आणि लिनिअरमध्ये कपॅसिटरचे आयुष्य बऱ्याच जागी त्याच आकड्यावर ठरते.

एक उदाहरण पुरते मांडून पाहू. दोन ३-५००झेड व्हॉल्व्ह जोडीने लावून १००० वॉट काढायचे आहेत आणि प्लेटपुढचा भार २५०० ओहम आहे. प्लेटवर सुमारे १५८० व्होल्ट आरएमएस इतके आरएफ व्होल्टेज उभे राहते. त्याचे शिखरमूल्य २२४० व्होल्टच्या घरात जाते. व्हॉल्व्ह आणि अँटेना यांची जुळणी करणाऱ्या पाय नेटवर्कचा, म्हणजे टँकचा, लोडेड क्यू १२ ठेवला, तर प्लेटकडच्या ‘ट्यून’ कपॅसिटरची रिॲक्टन्स २०८ ओहम हवी. ३.५ मेगाहर्ट्झला हे साधारण २१८ पिकोफॅरड होतात. या कपॅसिटरमधून सतत ७.६ अँपिअर वाहतात, तर ५० ओहमच्या केबलने अँटेनाकडे जाणारा प्रवाह ४.५ अँपिअरचाच असतो. टँकमध्ये फिरणारी ही उलाढाल १२,००० व्होल्ट-अँपिअरची आहे. कपॅसिटरचा व्ययगुणांक ०.००१ असेल तर यातले १२ वॉट त्याच्या पोटात उष्णता होतात. मोठ्या आकाराचा चांगला कपॅसिटर एवढे सोसतो. हाच गुणांक ०.०२५ असेल, तर हिशेबाने ३०० वॉट होतात. तितके जिरवायला तो कपॅसिटर काही सेकंदांपलीकडे उरतच नाही. दोघांच्या अंगावर ‘५ केव्ही’ असेच छापलेले असू शकते.

म्हणून आधी विद्युतरोधक पाहावा, मग व्होल्टेज. सिरॅमिकमध्ये एनपीओ किंवा सीओजी हा वर्ग आरएफसाठी भरवशाचा. तापमानाबरोबर त्याची धारिता दर अंशाला दशलक्षात ३० भागांच्या आतच हलते. एक्स७आर वर्गात ही सूट १५ टक्क्यांची आहे, शिवाय डीसी व्होल्टेज चढवले की धारिता घसरते. झेड५यूमध्ये धारिता ५६ टक्क्यांपर्यंत उतरू शकते. हे दोन्ही वर्ग बायपासच्या कामाला चालतात, टँकमध्ये आणि गाळणीत मुळीच नाही. प्लॅस्टिक फिल्ममध्ये पॉलिप्रोपिलिनचा व्यय अत्यल्प. पॉलिएस्टरचा आरएफवर इतका की त्याला पॉवर सप्लायबाहेर काढू नये.

अभ्रक या सगळ्यांत जुना आणि अजूनही मानाचा. ठिणगीच्या काळातल्या ट्रान्समीटरमध्ये काचेच्या लायडन बरण्या असत. विल्यम डुबिलियरच्या अभ्रकी कपॅसिटरने त्या हटवल्या. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या रेडिओसंचांसाठी लागणाऱ्या अभ्रकात आजच्या झारखंडमधल्या कोडरमा भागाचा मोठा वाटा होता. चांदीचा मुलामा दिलेले सिल्व्हर मायका कपॅसिटर इनपुटच्या जुळणीसाठी उत्तम. ते जुने असतील तर एक धोका मात्र असतो. ओलावा आणि डीसी व्होल्टेज यांच्या संगतीने चांदी अभ्रकाच्या कडेने सरकत जाते आणि आतून वाट पाडते. डीसी चढणार असेल तिथे ओळखपाळख नसलेला जुना सिल्व्हर मायका लावू नये.

प्लेटवरचे डीसी टँकपासून अडवणाऱ्या ‘ब्लॉकिंग’ कपॅसिटरचे गणित नेमके उलट आहे. वरच्या उदाहरणात त्यातून जेमतेम ०.६ अँपिअर आरएफ जातो, पण ३००० व्होल्ट डीसी अहोरात्र त्याच्या डोक्यावर बसलेले असते. रूढ माप १००० पिकोफॅरडचे, १.८ मेगाहर्ट्झला त्याची रिॲक्टन्स ८८ ओहम होते, म्हणून त्या पट्ट्यासाठी दुप्पट घेणे बरे. व्होल्टेज ५ केव्हीपेक्षा कमी नसावे. इथे काटकसर अक्षम्य आहे, कारण हा कपॅसिटर फुटून शॉर्ट झाला की पूर्ण उच्च व्होल्टेज टँकच्या कॉइलवर येते, आणि तिथून केबलवाटे गच्चीवरच्या अँटेनावर. म्हणूनच आउटपुट जॅकपासून जमिनीला एक आरएफ चोक जोडतात. आरएफला तो अडथळा, डीसीला तो सरळ रस्ता. कपॅसिटर गेला तर त्याच रस्त्याने फ्यूज उडतो. काही आराखड्यांत हा चोक गाळलेला दिसतो. तो नसलेला लिनिअर पूर्ण झाला असे मानू नये.

दाराच्या मुठीसारखे दिसणारे ‘डोअरनॉब’ सिरॅमिक कपॅसिटर या जागी शोभतात, पण त्यांतही जाती आहेत. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबसाठी बनलेले ५०० पिकोफॅरड, २० केव्हीचे डोअरनॉब भंगारात मिळत. २० केव्हीचा आकडा पाहून मन भुलते. त्यांतले सिरॅमिक उच्च धारितेचे आणि जास्त व्ययाचे. टँकमध्ये लावले की ते तापतात, धारिता सरकते आणि ट्यूनिंग हातात राहत नाही. सोव्हिएत बनावटीच्या के१५यू मालिकेने याबाबत मोठी सोय केली. तिच्या अंगावर व्होल्टेजबरोबर किलोव्हार, म्हणजे सोसण्याजोगी रिॲक्टिव्ह शक्तीही रशियन लिपीत छापलेली असते. तिसरा आकडा तोच.

टँकमधले स्थिर कपॅसिटर मुख्यतः खालच्या पट्ट्यांवर लागतात. आपल्या उदाहरणात १.८ मेगाहर्ट्झला ट्यून बाजूला ४२५ पिकोफॅरड हवेत. हातातला व्हेरिएबल २५० चा असेल तर २०० पिकोफॅरडचा ‘पॅडर’ जोडावा लागतो. ७.६ पैकी सुमारे ३.६ अँपिअर या एकट्या पॅडरच्या वाट्याला येतात. एकाऐवजी चार ५० पिकोफॅरडचे समांतर लावले, तर प्रत्येकाला एक अँपिअरही येत नाही, आणि उष्णता बाहेर पडायला पृष्ठभागही वाढतो. ही युक्ती कोणत्याही महागड्या घटकापेक्षा जास्त कामाची आहे.

हवेचा व्हेरिएबल टिकाऊ असतो. ठिणगी पडली तरी हवा पुन्हा पूर्ववत होते, सिरॅमिक होत नाही. पुस्तकात हवेची सहनशक्ती मिलिमीटरला ३ केव्ही दिलेली असते, पण पत्र्यांच्या धारदार कडा, धूळ आणि किंचित वाकलेले पान यांमुळे प्रत्यक्षात त्याच्या निम्मेच धरावे. समुद्रकाठच्या गावांत विद्युतरोधकावर बसणारा खारट थर पावसाळ्यात ओलावा धरतो, तेव्हा ठिणगी पानांमधून न पडता पृष्ठभागावरून सरपटते. अँटेनाकडच्या ‘लोड’ बाजूला व्होल्टेज कमी असते. १००० वॉटला ५० ओहमवर शिखर ३१६ व्होल्टचेच. तिथे जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा गँग कंडेन्सर खुशाल चालतो. ३.५ मेगाहर्ट्झला सुमारे १२५० पिकोफॅरड लागतात, म्हणून त्याचे तीन भाग समांतर जोडतात. प्रवाह मात्र तिथेही ६ अँपिअरच्या वर असतो आणि तो दांड्यावर घासणाऱ्या पितळी पट्टीतून जातो. मळलेली पट्टी आधी स्वच्छ करावी. निर्वात व्हेरिएबल या सगळ्यांहून सरस आहे; सेकंडहँड घेताना त्याची निर्वातता उच्च व्होल्टेजवर तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पॉवर सप्लायची गाळणी हा वेगळाच प्रांत. मिशिगनच्या हीथ कंपनीचा एसबी-२२० हा १९७०च्या दशकातला संच ग्राहकाने घरी जोडायचा असे, आणि दोन ३-५००झेडचा घरगुती लिनिअर म्हटले की आजही तोच डोळ्यांसमोर येतो. त्यात २०० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे आठ इलेक्ट्रोलिटिक एकामागे एक जोडलेले, म्हणजे एकूण २५ मायक्रोफॅरड आणि ३६०० व्होल्टची क्षमता. ३००० व्होल्टला प्रत्येकावर ३७५ येतात. व्होल्टेज सारखे वाटले जावे म्हणून प्रत्येकावर ३० किलो-ओहमचा रेझिस्टर होता. त्या काळच्या इलेक्ट्रोलिटिकची गळती मोठी आणि असमान असे, म्हणून एवढा प्रवाह लागे. पण प्रत्येक रेझिस्टर ४.७ वॉट जाळतो. आठ मिळून ३७ वॉटांची शेगडी कपॅसिटरच्या कुशीत पेटलेली राहते. इलेक्ट्रोलिटिकचे आयुष्य दर १० अंश सेल्सिअसला अर्धे होते, हा ढोबळ नियम लक्षात घेतला तर त्याचा परिणाम उघड आहे. आताचे १०५ अंशांचे कपॅसिटर गळतीत कितीतरी सरस असल्याने १०० किलो-ओहम पुरतात आणि उष्णता ११ वॉटवर येते. त्याची किंमत वेळात मोजावी लागते. ३००० पासून ५० व्होल्टपर्यंत उतरायला आधी २५ सेकंद लागत, आता ८० च्या वर. साठलेली ऊर्जा ११२ ज्यूल, माणसाला मारायला पुरेशी. झाकण उघडण्यापूर्वी थांबावे, मग विद्युतरोधक दांड्याच्या टोकाला रेझिस्टर बांधून बँक रिकामी करावी, आणि त्यावर एक तार जमिनीला लावून ठेवावी.

अमेरिकन आराखडा आपल्याकडे बांधताना एक फरक विसरला जातो. तिथला पुरवठा ६० हर्ट्झचा, आपला ५० चा; तेवढ्याच रिपलसाठी १.२ पट धारिता हवी. २३० व्होल्टचा पुरवठा १० टक्क्यांनी चढू शकतो हेही धरावे, नाहीतर ४५० चा कपॅसिटर काठावर येतो. आठही एकाच कंपनीचे, एकाच खेपेचे घ्यावेत. साखळीतल्या वरच्या डब्याचे धातूचे अंग चेसिसपेक्षा २६०० व्होल्टने वर असते; त्यावरचे रंगीत प्लॅस्टिक वेष्टन म्हणजे विद्युतरोधन नव्हे, त्यामुळे बँक जाड रोधक पाटीवर बसवावी. जुना तेलाचा कपॅसिटर मजबूत, पण १९७०च्या दशकाअखेरपर्यंतच्या तेलात विषारी पीसीबी असू शकते. गळका डबा घरात आणू नये.

ग्रिड, फिलामेंट आणि चोकच्या पायथ्याच्या बायपासला ०.०१ मायक्रोफॅरडची सिरॅमिक चकती पुरते. फक्त तारा आखूड हव्यात. दोन्ही पाय सेंटिमीटरभर ठेवले तर ११ मेगाहर्ट्झच्या आसपासच तिचा अनुनाद येतो, आणि त्यावर ती कपॅसिटरसारखी न वागता कॉइलसारखी वागते.

ट्रान्झिस्टरच्या, विशेषतः एलडीमॉसच्या लिनिअरमध्ये व्होल्टेज ५० वर येते, पण प्रवाहाची समस्या उलट तीव्र होते. ट्रान्सफॉर्मरच्या ट्रान्झिस्टरकडच्या बाजूला ५.५ ओहममध्ये ६०० वॉट म्हणजे १० अँपिअरच्या वर. तिथे एटीसीच्या १००बीसारख्या चिप कपॅसिटरचा जथा रुंद तांब्यावर थेट झाळलेला असावा. लो-पास फिल्टरमध्ये २८ मेगाहर्ट्झला १०० पिकोफॅरडवर ४०० वॉटला २.५ अँपिअर येतात. अँटेना बिघडून एसडब्ल्यूआर (स्थायी तरंग गुणोत्तर) ३ झाला आणि शक्ती तेवढीच राहिली, तर सर्वांत वाईट जागी प्रवाह १.७ पट आणि उष्णता तिप्पट होते. तेवढी सवड आधीच ठेवावी.

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलेला उच्च व्होल्टेजचा कपॅसिटर लावण्याआधी काही मेगओहमच्या रेझिस्टरमधून त्याला पूर्ण व्होल्टेज देऊन गळती पाहावी. वर्षानुवर्षे पडून राहिलेला इलेक्ट्रोलिटिक व्हेरिॲकने, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने, तासातासाने वर न्यावा. आरएफच्या जागेची परीक्षा याने होत नाही. त्यासाठी डमी लोडवर निम्म्या शक्तीने अर्धा मिनिट चालवावे, सर्व बंद करून बँक रिकामी करावी आणि प्रत्येक कपॅसिटरचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्यावे. शेजाऱ्यांपेक्षा जो स्पष्ट गरम लागेल तो बदलावा, किंवा त्याच्या जोडीला आणखी एक लावावा, आणि पुन्हा अर्धा मिनिट चालवून मोजावे.