पावसाच्या सुटीत घरच्या घरी शिकण्याचा एक दिवस

मुंबई, ठाणे, पालघर, रायगड या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये अधूनमधून एक निरोप रात्री उशिरा किंवा भल्या पहाटे येतो. अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे शाळांना सुटी जाहीर झालेली असते. मुले आनंदतात आणि आईवडील चिंतेत पडतात. कार्यालयाला सुटी असतेच असे नाही, मैदान पाण्याखाली गेलेले असते आणि दिवस सरता सरत नाही. अशा वेळी बहुतेक घरांत दोन टोके दिसतात. एक तर दूरचित्रवाणी आणि मोबाइल सकाळपासून रात्रीपर्यंत सुरू राहतो, नाही तर शाळेचे वेळापत्रक समोर ठेवून मुलाला सक्तीने वही-पुस्तकांपुढे बसवले जाते. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी या दोहोंच्या मधला मार्ग अधिक उपयोगाचा आहे. घरात जी कामे रोज होतातच, त्यांत मुलाला सामील करून घेणे, हा तो मार्ग.

हा प्रश्न केवळ एका दिवसाच्या करमणुकीचा नाही. करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या. मोठ्या शहरांतील प्राथमिक वर्ग पुन्हा भरले ते डिसेंबर २०२१ मध्ये. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या अनेक मुलांनी शाळेचा वर्ग प्रत्यक्ष पाहिला तो दुसरीत गेल्यावर. त्या काळात ज्या घरी मुलाशी बोलणारे, त्याला वाचून दाखवणारे, त्याच्याकडून मोजमाप करून घेणारे कोणी होते, तेथे शिकण्याचा धागा टिकून राहिला. पडद्यासमोर नुसते बसण्याने तो टिकत नाही, हेही त्या काळात पालकांनी पाहिले. पावसाची सुटी त्या मानाने फारच लहान. पण त्या अनुभवातून मिळालेला धडा तिलाही लागू पडतो.

किती वेळ, किती अभ्यास?

घरातील शिकणे म्हणजे शाळेचे सहा तास घरात आणणे नव्हे. केंद्रीय शिक्षण खात्याने जुलै २०२० मध्ये जाहीर केलेल्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांमध्ये पहिली ते आठवीसाठी ऑनलाइन शिकवण्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त दोन सत्रे, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटे, अशी होती. त्याच वर्षीच्या दप्तरविषयक धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीसाठी तो आठवड्याला दोन तासांहून अधिक नसावा, असे म्हटले आहे. बालरोगतज्ज्ञांच्या 'इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स' या संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरील वेळ दिवसाला दोन तासांच्या आत असावा.

हे पाहता संपूर्ण दिवसात वीस ते तीस मिनिटांचे चार-पाच तुकडे पुरेसे आहेत. मधल्या वेळात मुलाने खेळावे, झोपावे, खिडकीत बसून पाऊस पाहावा. कंटाळा आला तर तोही येऊ द्यावा. कंटाळलेले मूल बरेचदा स्वतःच नवा खेळ शोधून काढते.

साहित्य घरातलेच

या कामासाठी बाजारातून काही आणावे लागत नाही. महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक यांनी हे फार पूर्वी दाखवून दिले. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी पाड्यांतील मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली आणि त्यातून 'अंगणवाडी' आकाराला आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी 'कुरणशाळा' भरली. खडे, शिंपले, पाने, बिया हेच तेथील शैक्षणिक साहित्य होते. मूल जेथे आहे तेथून शिकण्यास आरंभ करावा, हा त्यामागील विचार. शहरातील दोन खोल्यांच्या घरालाही तो तितकाच लागू आहे.

२०२० च्या टाळेबंदीत 'सह्याद्री' वाहिनीवर सुरू झालेल्या 'टिलीमिली' या मालिकेतही घरात आणि परिसरात करता येण्याजोग्या कृतींवर भर होता.

सकाळी साडेआठ : पावसाची मोजणी

दिवसाचा आरंभ पर्जन्यमापक तयार करण्यापासून करता येईल. सरळ बाजू असलेली प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. तिचा वरचा निमुळता भाग मोठ्या माणसाने कापून द्यावा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बाटलीत बसवावा. बाटलीचा तळ सपाट नसतो. म्हणून सरळ भाग सुरू होतो तेथपर्यंत आधी पाणी भरून घ्यावे आणि त्या पातळीला शून्याची खूण करावी. त्याच्या वर मिलिमीटरची पट्टी चिकटवली की मापक तयार झाला. तो गच्चीवर किंवा मोकळ्या जागी, पागोळीखाली येणार नाही असा, दोन विटांच्या आधाराने ठेवावा. गच्चीवर मुलासोबत मोठे माणूस हवेच. मोजणी संपल्यावर पाणी ओतून टाकण्यास विसरू नये. साचलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचे डास वाढतात, हेही त्या निमित्ताने सांगता येईल.

हवामान खाते सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशा चोवीस तासांचा पाऊस मोजते. म्हणून मुलानेही हीच वेळ धरावी. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाल्यास खाते त्यास 'जोरदार', २०४.४ पर्यंत 'अति जोरदार' आणि त्यापुढे 'अत्यंत जोरदार' या वर्गात घालते. चौथी-पाचवीच्या मुलांना यातून एक सुंदर हिशेब देता येतो. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. मग १० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी किती? उत्तर ५०० लिटर. म्हणजे २० लिटरच्या २५ बादल्या.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. लहान मुलाला हा आकडा नुसता सांगून कळत नाही. भिंतीवर जमिनीपासून ९४ सेंटिमीटरवर खडूने रेघ ओढून मुलाला शेजारी उभे करावे. पहिली-दुसरीच्या मुलाच्या ती जवळजवळ खांद्यापर्यंत येते. एवढे पाणी एका दिवसात आभाळातून पडले, हे मग सांगावे लागत नाही.

नऊ वाजता : वर्तमानपत्राचे वाचन

पहिलीच्या मुलाला एका मथळ्यातील 'क' किंवा 'म' ही अक्षरे शोधून त्यांभोवती गोल करायला सांगावे. दुसरीच्या मुलाने जोडाक्षरे शोधावीत. तिसरीपासून पुढच्या मुलांनी एक छोटी बातमी वाचून ती आपल्या शब्दांत सांगावी. मुलाने अडखळत वाचले तरी मध्येच शब्द पुरवू नये. वाक्य पूर्ण होऊ द्यावे. वाचून झाल्यावर 'काय कळले?' असा एकच प्रश्न विचारावा. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचे उद्दिष्टही, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे, हेच आहे. भरभर वाचणे आणि समजून वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अकरा वाजता : स्वयंपाकघरातील गणित

सकाळीच एक वाटी मूग मुलाच्या हाताने मोजून भिजत घालावेत. संध्याकाळी त्याच वाटीने ते पुन्हा मोजायचे आहेत. किती वाट्या भरतील, याचा अंदाज मुलाने आधीच वहीत लिहून ठेवावा. रात्री ते फडक्यात बांधून ठेवले की मोड केव्हा येतात, हे पाहण्याचे काम पुढच्या दिवशीही उरते.

चपाती हे अपूर्णांकाचे सर्वांत सोपे साधन. अर्धी, पाव, पाऊण हे शब्द मूल ताटातच शिकते. दोन पाव मिळून अर्धी होते, हे हाताने जुळवून पाहिले की वहीतील १/४ आणि १/२ परके वाटत नाहीत. चौघांसाठी दोन वाट्या पोहे लागतात, तर सहा जणांसाठी किती, हा प्रश्न तिसरी-चौथीच्या मुलाने सोडवावा आणि तेवढे पोहे स्वतः मोजून द्यावेत. गॅस, सुरी आणि उकळते पाणी मात्र मोठ्यांच्याच हाती असावे.

मराठी संख्यानामे ही अनेक मुलांची अडचण असते. 'पंचेचाळीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतात, पण लिहिताना चार आधी येतात. 'एकोणतीस' या नावात तीस ऐकू येतात, तर लिहायचे असतात दोन आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत जुन्या नावांच्या जोडीने दिली गेली, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. वाद कोणत्याही बाजूने असो, मुलाची अडचण खरी आहे. खराट्याच्या हिरांचे सारखे तुकडे करून दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधावेत. दोन गठ्ठे आणि नऊ सुटे तुकडे समोर ठेवले, की आणखी एक सुटा मिळाल्यावर तीस होतात, हे मुलाला दिसते. 'एकोण' म्हणजे एक उणा, हा अर्थ मग पाठ करावा लागत नाही.

दुपारी : आजी-आजोबांची मुलाखत

जेवणानंतर विश्रांती घ्यावी आणि मग घरातील वडीलधाऱ्यांकडे वळावे. आजी-आजोबा गावी असल्यास दूरध्वनी करता येईल. 'तुमच्या लहानपणी पावसात शाळा भरायची का?', 'छत्री होती की इरले?', 'नदीला पूर आला तर काय करायचा?' असे चार-पाच प्रश्न मुलाने स्वतः तयार करावेत. मिळालेल्या उत्तरांवरून पहिली-दुसरीच्या मुलाने एक चित्र व दोन वाक्ये, तर मोठ्यांनी आठ-दहा ओळी लिहाव्यात. लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढण्याचा मोह येथे आवरावा. मुलाला काही सांगायचे आहे आणि ते लिहून सांगता येते, ही जाणीव आधी रुजली पाहिजे. शुद्धलेखन मागाहून येते.

याच गप्पांतून पावसाचे शब्द गोळा करता येतात. भुरभुर, रिमझिम, पिरपिर, सर, झड, संततधार, मुसळधार या प्रत्येक शब्दाचा पाऊस वेगळा आहे. घरात मालवणी, आगरी, अहिराणी बोलली जात असेल तर त्या बोलीतील शब्द, आणि हिंदी, उर्दू किंवा गुजराती बोलली जात असेल तर त्या भाषेतील शब्दही यादीत यावेत. घरची भाषा ही शाळेच्या भाषेची अडचण नसून आधार आहे, हे मुलाला यातून कळते.

संध्याकाळी : नकाशा, खेळ आणि हालचाल

परिसर अभ्यासातील नकाशा घरापासूनच सुरू करावा. दारापासून खिडकीपर्यंत किती पावले, हे मुलाने मोजावे आणि कागदावर एका पावलासाठी एक चौकोन धरून खोलीचा आराखडा काढावा. आई, दादा आणि धाकटी बहीण यांची पावले वेगवेगळी भरतात. म्हणजे सर्वांना सारखे माप हवे, हा शोध मुलाला स्वतःच लागतो आणि मीटरपट्टीची गरज पटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी. बाहेर जाता येत नसले तरी इमारतीच्या कोरड्या मार्गिकेत लंगडी, घरात सूर्यनमस्कार किंवा फुगडी शक्य आहे. त्यानंतर सागरगोटे, सापशिडी किंवा बुद्धिबळ मांडावे. सापशिडीत दोन फासे टाकून बेरीज करायला लावली की तोंडी गणिताचा सराव आपोआप होतो. कागदाची होडी करताना आयताचे त्रिकोण आणि त्रिकोणाचा चौरस कसा होतो, हे मुलाने घडी उलगडून पाहावे.

दोघेही कामावर असतील तर?

अनेक घरांत आई आणि वडील दोघेही नोकरीवर जातात आणि मूल शेजारी, पाळणाघरात किंवा आजीकडे असते. अशा घरी ही सगळी यादी पार पाडण्याचा हट्ट धरू नये. सकाळी बाटली ठेवणे व मूग भिजवणे, आणि रात्री दहा मिनिटे त्याविषयी बोलणे, एवढेही पुष्कळ आहे. जागा लहान असेल तर नकाशा खोलीचा नव्हे, कपाटाच्या एका खणाचा काढावा. मुलाला शिकवणे हे आईचेच काम, ही समजूतही सोडली पाहिजे. चपाती मोजायला आणि बातमी ऐकायला वडिलांना, काकांना किंवा मोठ्या भावंडाला सहज जमते.

झोपण्यापूर्वी परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारू नयेत. दिवसभरात काय नवे दिसले, कोणता अंदाज चुकला, उद्या काय पाहायचे, एवढे मुलाने बोलावे आणि वहीत तीन ओळी लिहून ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला बाटलीतील पाणी मोजावे आणि कुलाबा व सांताक्रूझ येथील अधिकृत नोंदींशी ते ताडून पाहावे. आकडे जुळले नाहीत तर मूल विचारील की चूक कोणाची. एकाच शहरात दोन ठिकाणी वेगवेगळा पाऊस पडतो, म्हणून तर मापक एकाहून अधिक जागी ठेवलेले असतात, हे तेव्हा सांगावे. मग शाळेची वेळ झालेली असेल, तर तो आकडा वहीत लिहून मुलाने वर्गात न्यावा.