काळ्या कातळाचें वय

भोसरीच्या कारखान्यांचे पाये ज्या काळ्या कातळांत खणले गेले, त्याचा इतिहास कोणत्याहि बखरींत नाहीं. सह्याद्रीप्रमाणेंच हा कातळहि लाव्हारसाचे थर एकावर एक सांचून झालेला. तो केव्हां झाला, ह्याची साक्ष दोन थरांमधली तांबडी माती देते.

ह्या मातींत कोठें कोठें झिर्कॉन नांवाच्या खनिजाचे सूक्ष्म कण सांपडतात. काळ्या कातळांत हें खनिज क्वचितच बनतें. तेव्हां हे कण निराळ्या जातीच्या ज्वालामुखीच्या राखेबरोबर वाऱ्यानें आले असले पाहिजेत. घडतांना असा कण युरेनियम सामावून घेतो, शिसें मात्र जवळजवळ घेत नाहीं. पुढें युरेनियमाचेंच शिसें होत जातें. त्याच्या मुख्य प्रकाराचा निम्मा भाग पालटावयास सुमारें ४४७ कोटि वर्षें लागतात. दोहोंचें प्रमाण मोजलें कीं कणाचें वय निघतें.

२०१५ सालीं ब्लेअर शोन व त्यांचे सहकारी यांनीं अशा मोजणीवरून दाखविलें कीं, दख्खनचा मुख्य उद्रेक डायनोसॉरांच्या अंतापूर्वीं सुमारें अडीच लाख वर्षें सुरू झाला. तो संहार उद्रेकानें झाला कीं अशनिपातानें, हा वाद त्यानें मिटला नाहीं. पण आपल्या पायांखालचा अग्नि आधीं पेटला होता, इतकें मात्र त्या परक्या कणांनीं सांगितलें.