गोळीची किंमत कोण ठरवतो?

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक क्यूआर कोड येतो. कुणाच्या आईचे डायलिसिस, कुणाच्या भावाचा कॅन्सर. खाली 'यथाशक्ती मदत करा, जय भीम'. जमते तेवढे आम्हीही पाठवतो. पण वर्गणीतून एक महिना निघतो आणि दुसऱ्या महिन्याच्या गोळ्या पुन्हा समोर उभ्या राहतात. आमचे म्हणणे एवढेच आहे की, या देशात महागडे औषध गरिबाच्या हाती आले ते मुख्यतः कायद्यामुळे आणि निसटले तेही कायद्यामुळेच. हा इतिहास चळवळीतल्या पोरांना ठाऊक नसेल, तर आपण कायम पेटी फिरवत राहणार.

सुरुवात १९४२ पासून करू. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत त्या खात्यावर होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. पुढे १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते आणि मजूर खाते जगजीवनराम यांच्याकडे होते. आपल्याकडे भाषणात 'ईएसआय बाबासाहेबांनी दिली' असे सरसकट म्हणतात. पाया त्यांच्या काळात घातला गेला, हे नेमके विधान पुरेसे वजनदार आहे. त्याला फुगवायची गरज नाही. यातला मुद्दा क्रांतिकारक होता. कामगार पगारातून थोडे देईल, मालक त्याहून जास्त देईल आणि आजारपणात डॉक्टर व औषध हक्काने मिळेल. आज हा हिस्सा कामगाराचा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे.

पण हक्क मिळाला कुणाला? १९४८ च्या कायद्यात कारखाना म्हणजे यंत्रशक्तीवर चालणारा आणि किमान २० कामगार असलेला. सोलापूरच्या जुन्या मिलचा, लक्ष्मी-विष्णूचा, नरसिंग गिरजीचा कामगार त्या व्याख्येत बसत होता. मिल बंद पडत गेल्या, कामगार यंत्रमागाच्या शेडमध्ये गेला आणि तिथे व्याख्या त्याच्या हातून सुटली. पुढे मर्यादा १० कामगारांवर आली खरी, पण एकाच छपराखालच्या शेडचे कागदावर दोन-तीन भाग करणे मालकाला कुठे अवघड आहे? हजेरीपत्रकावर नावच नसेल तर विमा कसला!

आणि बिडी वळणारी बाई तर कारखान्यातच नसते. ती पूर्वभागातल्या किंवा कुंभारीच्या घरात उंबऱ्याशी सूप घेऊन बसते. तिच्यासाठी १९७६ मध्ये वेगळा कायदा झाला: बिडीवर उपकर लावायचा आणि त्या पैशातून बिडी कामगारांचे दवाखाने, औषधे, मुलांच्या शिष्यवृत्त्या चालवायच्या. धंद्यातून येणारा पैसा धंद्यातल्या बाईच्या खोकल्यासाठी, असा सरळ हिशोब होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर रद्द झाला. आता तिचे औषध अर्थसंकल्पात किती तरतूद होते यावर अवलंबून आहे. बिडीवर २८ टक्के कर लागला, पण बिडी वळणारीचा त्यातला राखीव वाटा गेला. आमच्या मते ही त्या वर्षातली सोलापूरसाठी सर्वांत मोठी बातमी होती. तिच्यावर मोर्चे व्हायला हवे होते तेवढे झाले नाहीत.

आता किमतीकडे वळू. इंग्रजांच्या १९११ च्या पेटंट कायद्यामुळे स्वतंत्र भारतातही औषधे परदेशी कंपन्यांच्या मुठीत होती. १९७० च्या कायद्याने औषधाच्या रेणूवरचे पेटंट काढून फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर ठेवले. दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवायला देशी कारखाने मोकळे झाले आणि भाव कोसळले. जागतिक व्यापार करारामुळे २००५ मध्ये रेणूवरचे पेटंट परत आले, पण संसदेने कलम ३(ड) घालून जुन्याच औषधाला नवा मुलामा देऊन पेटंट लांबवण्याची वाट अडवली. याच कलमावर सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेकचा नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने ही लढाई सुरुवातीपासून लढवली होती. त्याआधी वर्षभर, मार्च २०१२ मध्ये, बायरच्या नेक्सावरसाठी सक्तीचा परवाना दिला गेला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांचे औषध नऊ हजारांच्या आत आले. एका सहीने! किती क्यूआर कोड फिरवले असते तर हे झाले असते?

पण ती सही पुन्हा कुणी केलेली दिसत नाही. दरनियंत्रणाचेही तसेच. १९७९ च्या आदेशात ३४७ मूळ औषधे नियंत्रणाखाली होती, १९९५ मध्ये ती ७४ वर आली. २०१३ च्या आदेशाने यादी वाढवली, पण हिशोबच बदलला. पूर्वी उत्पादनखर्च पाहिला जाई. आता बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या दरांची सरासरी काढतात आणि त्यावर दुकानदाराचे १६ टक्के जोडतात. म्हणजे महाग विकणारेच कमाल किंमत ठरवतात.

राज्याची योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होते. २०१७ पासून तिला महात्मा फुलेंचे नाव आहे. ऑपरेशनला ती उपयोगी पडते. पण साखरेच्या, बीपीच्या, फिटच्या गोळ्या दरमहा लागतात, त्या तिच्यात नाहीत. घर पोखरते ते या गोळ्यांनी. तिथे निदान एवढे करा: डॉक्टरांकडे औषधाचे मूळ नाव लिहून मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत ते आहेच. ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा.

दवाखान्यात भरती असेल तर आणखी एक हत्यार आहे, आणि ते सर्वांत कमी वापरले जाते. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ एए नुसार, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेप्रमाणे, धर्मादाय रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धनांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवाव्या लागतात. ट्रस्टने सवलतीच्या जमिनी आणि करमाफी घेतली आहे, त्याची ही परतफेड आहे; उपकार नव्हे. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या खात्यात टाकायची असते आणि या रुग्णांची औषधे त्यातूनच द्यायची असतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड भरतीच्या दिवशीच द्या, बिल झाल्यावर नव्हे. आपल्या भागातल्या कोणत्या रुग्णालयाने या खात्यात किती जमा केले आणि किती खर्च केले, हे धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही.