संगणक संगीत

संगणकाच्या साहाय्याने स्वररचना करणे, ध्वनी निर्माण करणे किंवा गायन-वादनाचे पृथक्करण करणे, या तिन्ही कार्यांना ही संज्ञा लावतात. या संगीताचा उगम विद्यापीठे व संशोधनसंस्था यांत झाला.

१९५१ साली सिडनी व मँचेस्टर येथील संगणकांवर परिचित धुना वाजविण्यात आल्या. स्वररचनेचा पहिला महत्त्वाचा प्रयोग इलिनॉय विद्यापीठात झाला. तेथील लेजारेन हिलर व लेनर्ड आयझॅक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी यादृच्छिक संख्यांवरून स्वर निवडून, स्वरसंयोजनाचे नियम मोडणारे स्वर संगणकाकरवी वगळले आणि त्यातून चार तंतुवाद्यांसाठी ‘इलियाक स्वीट’ (१९५७) ही रचना सिद्ध केली. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी ध्वनितरंग संख्यांच्या रूपात मांडून संगणकाकडूनच नाद निर्माण करविला. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चौनिंग यांनी १९६७ मध्ये शोधलेली कंप्रता-विरूपण पद्धती पुढे यामाहा कंपनीच्या डीएक्स-७ (१९८३) या वाद्यामुळे सर्वत्र पोहोचली.

रागसंगीतास मात्र केवळ स्वरांची यादी पुरत नाही. भूप व देशकार या रागांत सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर येतात. परंतु भूपात गंधार, तर देशकारात धैवत वादी असतो आणि दोहोंचे चलनही भिन्न असते. मींड व आंदोलन यांत तर दोन स्वरांमधील प्रवासच अर्थपूर्ण असतो. म्हणून भारतीय संशोधनात पृथक्करणास विशेष महत्त्व आले.

महाराष्ट्रात या विचाराची पूर्वपीठिका संगणकाहून जुनी आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बावीस श्रुतींचे गणिती विवेचन केले होते. १९८० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी तयार केलेल्या स्वरगतिमापक यंत्राचा उपयोग मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेतील संशोधनात झाला. पुणे विद्यापीठातील हरी सहस्रबुद्धे यांनी १९९२ मध्ये अमुक स्वरानंतर कोणता स्वर येऊ शकतो, याचे नियम अवस्थांच्या आराखड्यात बसवून रागाचे संगणकीय प्रतिमान मांडले. बार्सेलोना येथून २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांचाही सहभाग होता.

स्वरक्रम निर्दोष असूनही राग उभा न राहणे शक्य असते. त्यामुळे संगणकाचे यश कोणत्या कसोटीवर मोजावे, हा प्रश्न गणिताइतकाच संगीतशास्त्राचाही ठरतो.