हजरत सुलेमानची काठी आणि आपल्या मोहल्ल्यातले जिन्नात

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी आठवीतली एक हुशार मुलगी महिनाभर शाळेत आली नाही. शेवटी मी घरी गेले. तिच्या अम्मीनं दारातच आवाज खाली करून सांगितलं, "आपा, बच्ची पे असर है. जिन्नात का." मुलगी घरात दोनदा पडली होती. हातपाय ताठ, तोंडाला फेस. मग एका आमिलाला बोलावलं. त्यानं लोबान जाळला, गळ्यात तावीज बांधला, छडीही वापरली. मुलीच्या मनगटावरचे वळ मी पाहिले. 'हाजिरी'च्या वेळी जिन्न मुलीच्या तोंडून बोलला म्हणे, आणि त्यानं नावही सांगितलं : करणी चुलतीनं केली. त्या दिवसापासून एकाच अंगणातल्या दोन चुली एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

मी जिन्न मानते. कुरआनवर ईमान असणाऱ्याला ते मानावेच लागतात. पण त्या घरातून परतताना प्रश्न पडला, आपण नेमका कोणता जिन्न मानतो? कुरआनमधला, की किश्शांमधला?

आधी शब्द पाहू. अरबीत 'ज-न-न' या धातूचा अर्थ झाकणं, डोळ्याआड करणं. जिन्न म्हणजे नजरेला न दिसणारा. याच धातूतून 'जन्नत' आली, झाडांनी झाकलेली बाग. आईच्या पोटात लपलेला गर्भ म्हणजे 'जनीन'. आणि ज्याच्या अकलेवर पडदा पडला तो 'मजनून'. आपला मजनू तोच, आणि 'जुनून'ही तिथलाच. म्हणजे जिन्न आणि वेड हे नातं शब्दातच बसलेलं आहे.

इस्लामपूर्व अरबस्तानात ते नातं फार पक्कं होतं. शायराला शेर सुचतो तो त्याच्या जिन्नामुळे, असं लोक मानत. 'अबकर' नावाचं ठिकाण जिन्नांचं गाव समजलं जाई. आजही अरबीत प्रतिभावंताला 'अबकरी' म्हणतात. प्रवासी रात्री एखाद्या दरीत उतरला, की त्या दरीच्या जिन्न-सरदाराचा आसरा मागून मगच झोपे. प्रेषित मुहंमद (स.) कुरआन ऐकवू लागले तेव्हा मक्केचे विरोधक त्यांना 'मजनून' म्हणाले, ते या समजुतीतूनच.

कुरआननं जिन्नांचं अस्तित्व नाकारलं नाही, त्यांची जागा बदलली. सूरह रहमान सांगते की माणूस मातीपासून घडला आणि जिन्न आगीच्या ज्वाळेपासून. सूरह जारियातमध्ये दोघांच्या निर्मितीचा हेतू एकच आहे, अल्लाहची बंदगी. म्हणजे जिन्न हे देव नव्हेत आणि मेलेल्यांचे आत्मेही नव्हेत. ती आपल्यासारखीच एक मखलूक आहे. त्यांच्यातही नेक आहेत, बद आहेत, आणि त्यांनाही हिशेब द्यायचा आहे. ७२ वी सूरह तर त्यांच्याच नावाची. तिच्या २८ आयतींत काही जिन्न कुरआन ऐकतात, ईमान आणतात, आणि माणसांनी जिन्नांचा आसरा मागण्याच्या त्या जुन्या रिवाजाला चूक ठरवतात. मक्केतली मस्जिद-ए-जिन्न आजही हा प्रसंग जागवते. हज-उमऱ्याला गेलेले आपले अनेक लोक ती पाहून येतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र सूरह सबामध्ये आहे. हजरत सुलेमान (अ.) यांच्या हुकमतीखाली जिन्न होते. ते मोठमोठ्या इमारती उभारत, प्रचंड देगी बनवत. सुलेमान काठीला टेकून त्यांचं काम पाहत होते. तसेच उभे असताना त्यांचा इंतकाल झाला. जिन्नांना पत्ताच नाही! ते राबतच राहिले. एका किड्यानं काठी पोखरली, देह खाली आला, तेव्हा कुठे त्यांना कळलं. कुरआन त्याचा अर्थही सांगतं : जिन्नांना गैब, म्हणजे डोळ्याआडचं, ठाऊक असतं, तर ते त्या कष्टात अडकून पडले नसते.

ही गोष्ट आपण लहानपणी मदरशात ऐकलेली असते. पण समोर उभा असलेला मालक मेला हे ज्यांना कळलं नाही, ते चुलतीनं लिंबात काय टोचलं हे कसं सांगतील, एवढा साधा प्रश्न आमिलासमोर बसल्यावर आपल्याला सुचत नाही.

पूर्वीच्या मुसलमानांना असे प्रश्न सुचत. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिजनं प्राण्यांवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात जिन्नांचे कितीतरी किस्से गोळा केले. त्याबरोबर आपले उस्ताद नज्जाम यांचं मतही नोंदवलं : ओसाड माळरानात एकटा पडलेला माणूस घाबरतो, त्याला लहान वस्तू मोठी दिसते, नसलेला आवाज ऐकू येतो, आणि तोच किस्सा पुढे पोरांना वारसा म्हणून मिळतो. एकोणिसाव्या शतकात सर सय्यद अहमद खान यांनी तर जिन्न म्हणजे रानावनात राहणारी माणसं, असा अर्थ लावला. उलेमांनी तो मान्य केला नाही, मलाही पटत नाही. पण हा वाद उघडपणे झाला, हे लक्षात ठेवायला हवं.

मग आपल्या डोक्यातला जिन्न आला कुठून? बराचसा किश्शांतून. अलादीनचा चिराग अरबी 'अल्फ लैला'च्या जुन्या हस्तलिखितांत नाही. फ्रेंच अनुवादक गालाँनं अठराव्या शतकात हलबच्या हन्ना दियाब या ख्रिस्ती किस्सागोकडून ती गोष्ट ऐकली आणि आपल्या पुस्तकात घातली. पुढे इंग्रजीमार्गे या कथा मराठीत आल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या अनुवादाला हात घातला आणि मराठी घरांतही दिव्यातला राक्षस शिरला. उर्दूत दास्तान-ए-अमीर हम्जाचे ४६ खंड लखनौच्या नवल किशोर छापखान्यानं काढले. त्यांत देव, पऱ्या, तिलिस्म यांची रेलचेल आहे. हे वाङ्मय मला मनापासून आवडतं. फक्त ते अकीद्याचं पुस्तक नाही.

दुसरा भाग शेजारपाजारचा. मराठी भूत म्हणजे इच्छा अपुरी राहून मेलेला माणूस. हा विचार आपल्या घरात कधी शिरला ते कळलंही नाही, आणि मोहल्ल्यातला जिन्न विहिरीत जीव दिलेल्या बाईसारखा वागू लागला. देवाणघेवाण उलट बाजूनंही झाली. कोकणातला 'खवीस' बघा. काही ठिकाणी त्याची ओळखच मुसलमानाचं भूत अशी आहे. शब्द अरबी 'खबीस', म्हणजे नापाक, वाईट. बैतुलखलाला जाताना आपण जी दुआ पढतो, तिच्यात याच धातूचे शब्द आहेत.

या सरमिसळीत गोडवाही आहे. रात्री उशिरा हलवायाच्या दुकानात सगळी मिठाई विकत घेऊन जाणारा लांब कुर्त्यातला गिऱ्हाईक, मदरशात माणसांच्या पोरांबरोबर सबक घेणारा जिन्नाचा पोर, हे किस्से मीही वर्गात सांगते. दिल्लीत फिरोजशहा तुघलकानं १३५४ मध्ये वसवलेल्या शहराचे अवशेष आहेत, फिरोजशहा कोटला. तिथे दर गुरुवारी लोक जिन्नांच्या नावे अर्ज ठेवतात, अगदी कचेरीत द्यावा तसा. त्यात हिंदूही असतात, मुसलमानही. ज्याचं गाऱ्हाणं कुठेच ऐकलं जात नाही, तो तिथे लिहितो. मला तो रिवाज पटत नाही, पण त्या माणसांवर हसूही येत नाही.

हसू आणि गोडवा संपतो तो आजारापाशी. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत एका काळ्या वर्णाच्या स्त्रीची हकीकत आहे. तिला मिरगीचे झटके येत, त्यात अंगावरचं वस्त्र सरके. ती प्रेषितांकडे दुआ मागायला आली. प्रेषित म्हणाले, सब्र केलास तर जन्नत आहे. हवं तर शिफासाठी दुआ करतो. तिनं सब्र पत्करला, फक्त वस्त्र सरकू नये एवढी दुआ मागितली. प्रेषितांनी ती केली. या हकीकतीत छडी नाही, धूर नाही, 'कुणी केलं' ही चौकशीही नाही. आहे ती एका आजारी बाईची इज्जत.

कुणी म्हणेल, इब्न तैमियांनी मारून जिन्न उतरवल्याचं त्यांच्या शागिर्दानं लिहिलंय. लिहिलंय, खरं आहे. पण त्याच शागिर्दानं, इब्न कय्यिम यांनी, मिरगीचे दोन प्रकार सांगितले आणि त्यातला एक तबीबांच्या इलाजाचा मानला. त्यांच्या दमिश्कमध्ये ११५४ पासून नूरुद्दीन झंगीचा दवाखाना होता. ११८४ मध्ये तिथे गेलेल्या इब्न जुबैरनं नोंदवलंय की वेड लागलेल्यांवरही तिथे इलाज होई, जरी त्यांना साखळीनं बांधत असत. नऊशे वर्षांपूर्वी 'मजनून'साठी दवाखाना बांधणारे आपलेच बुजुर्ग होते.

आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, धुरी हे त्यात गुन्हे आहेत, मग करणारा भगत असो की आमिल. हा कायदा आपल्या दीनविरुद्ध आहे असं मला कधी वाटलं नाही. दुआ पढायला, आयतुल कुर्सी म्हणून मुलीवर फुंकर घालायला तो आडवा येत नाही.

त्या दिवशी मी मुलीच्या अम्मीला कायदा सांगितला नाही. सुलेमानच्या काठीची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, दुआ चालू ठेवा, पण डॉक्टरकडेही चला, मी येते. तिसऱ्या खेपेला ती तयार झाली. मिरगी निघाली. रोजच्या गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू झटके थांबले आणि मुलगी दहावी पास झाली.

चुलतीवरचा आळ मात्र तसाच आहे. गेल्या ईदलाही त्या अंगणात शिरखुर्मा एका दारातून दुसऱ्या दारात गेला नाही.