खलाशांच्या घरातले विधिमंडळ

मुंबईत रीगल सिनेमाच्या चौकात एका बाजूला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा घुमट दिसतो आणि समोर निळसर काळ्या दगडाची, टोकदार कमानींची एक भारदस्त इमारत. फाटकावर पहारा असतो. आत महाराष्ट्राच्या पोलीस महासंचालकांचे कार्यालय आहे. कुलाब्याच्या बाजारात निघालेल्या गर्दीला ती ‘पोलीस मुख्यालय’ म्हणून माहीत आहे. १९२८ ते १९८१ या काळात, आधी मुंबई इलाख्याचे आणि मग महाराष्ट्राचे विधिमंडळ इथे भरत असे. त्याही आधी, जवळपास अर्धे शतक, ही वास्तू बोटींवरून उतरलेल्या खलाशांचे घर होती.

त्या घराची गरज समजण्यासाठी १८६९ साली जायला हवे. त्या नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपातल्या आगबोटींना आफ्रिकेचा वळसा घालण्याचे कारण उरले नाही. मुंबई बंदरातली वर्दळ वाढली. एका बोटीवरचा करार संपलेला खलाशी दुसरी बोट मिळेपर्यंत बंदरात अडकून पडे. खिशात साचलेला पगार, शहर परके आणि गोदीबाहेर दारूचे गुत्ते नि दलाल टपलेले. अशा माणसाला स्वच्छ अंथरूण आणि दोन वेळचे जेवण देणारी जागा हवी होती.

१८७०च्या मार्चमध्ये राणी व्हिक्टोरियाचा दुसरा मुलगा, ड्यूक ऑफ एडिंबरो आल्फ्रेड, मुंबईत आला. तो स्वतः आरमारी अधिकारी, ‘गॅलेटिया’ या युद्धनौकेचा कप्तान. त्याच्या हस्ते कोनशिला बसली आणि ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ हे नाव ठरले. नाव राजपुत्राचे असले तरी पैशाचा मोठा वाटा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचा होता. त्यांनी दोन लाख रुपये दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात खंडेराव वारले. इमारत पुरी झाली १८७६ साली. तोवर बडोद्यात मल्हाररावांची कारकीर्द येऊन संपली होती आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा सयाजीराव म्हणून गादीवर बसला होता. ब्रिटिश मुंबईच्या वास्तूंविषयी बोलताना आपण कोनशिलेवरची नावे वाचतो. या वास्तूच्या पायात एका मराठी संस्थानाचा पैसा आहे, हेही त्याच ओघात सांगायला हवे.

आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. पुढे बोरीबंदरचे स्टेशन आणि त्यासमोरचे महापालिकेचे मुख्यालय उभारून त्यांनी नाव कमावले, पण हे त्यांचे पहिले मोठे काम. १८६७ साली ते सार्वजनिक बांधकाम खात्यात दाखल झाले, तेव्हा जेमतेम विशीत होते. दर्शनी त्रिकोणी माथ्यावर समुद्रदेव नेपच्यून, जलपऱ्या आणि समुद्राश्व कोरलेले आहेत. आतल्या माणसांचा व्यवसाय त्यांनी असा बाहेरच्या भिंतीवरच सांगून टाकला. आत वीस अधिकारी आणि अठ्ठावन्न खलाशी राहू शकतील अशी सोय होती.

हे घर मुख्यतः युरोपीय खलाशांसाठी होते. त्याच बोटींच्या इंजिनखोलीत कोळसा ओढणारे आणि डेकवर राबणारे रत्नागिरीकडचे खलाशी, गोव्याचे स्वयंपाकी नि वाढपी यांनी आपली सोय आपणच केली. धोबीतलावच्या गल्ल्यांत गोव्यातल्या गावोगावच्या लोकांनी ‘कूड’ चालवले. गावचा माणूस बोट मिळेपर्यंत तिथे ट्रंक ठेवी आणि पथारी पसरी. कोकणातला माणूस नेपच्यूनच्या या दारापर्यंत आला तो पुढच्या शतकात, आणि तो निवारा मागायला आला नव्हता.

मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाची पहिली बैठक १८६२ साली टाउन हॉलमध्ये झाली होती. नियुक्त सभासद मोजकेच. त्यांत जगन्नाथ शंकरशेट होते. पुढे सुधारणांबरोबर सभासद वाढले, निवडून आलेले लोक येऊ लागले आणि जागेची अडचण भासू लागली. १९२८ साली सरकारने खलाशांचे घर विकत घेऊन तिथे कायदेमंडळ आणले. लोक त्याला ‘कौन्सिल हॉल’ म्हणू लागले. १९३५च्या कायद्यानंतर दोन सभागृहे झाली आणि १९३७ साली १७५ सभासदांची विधानसभा अस्तित्वात आली.

कौन्सिल हॉलचा इतिहास म्हणजे आतल्या भाषणांचाच इतिहास, असे मला वाटत नाही. जितका तो आत घडला, तितकाच बाहेरच्या रस्त्यावर घडला.

१९३७च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले आणि त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. रत्नागिरी आणि कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यांत खोत सरकारचा सारा वसूल करी आणि कुळांकडून त्याहून कितीतरी अधिक घेई. वरून वेठही होती. अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी १९३३पासून संप पुकारून जमिनी पडीक ठेवल्या होत्या. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत जमले आणि बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली कौन्सिल हॉलवर चालून आले. शिष्टमंडळ प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना भेटले. विधेयक काही मंजूर झाले नाही. खोती कायद्याने संपली ती १९४९च्या कायद्याने, स्वातंत्र्यानंतर. तरीही ज्या माणसाने आयुष्यभर तलाठी आणि खोत यांच्या पलीकडे सरकार पाहिले नव्हते, त्याने त्या दिवशी कायदा जिथे होतो त्या दाराशी येऊन आपले म्हणणे मांडले. या इमारतीच्या वाटचालीत मला हा दिवस सगळ्यांत मोठा वाटतो.

दुसरा दिवस २१ नोव्हेंबर १९५५. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला होता आणि मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याची योजना पुढे आली होती. मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. विधानसभेत हा विषय चर्चेला होता म्हणून गिरण्या, कारखाने, गोद्या बंद ठेवून कामगार कौन्सिल हॉलकडे निघाले. फ्लोरा फाउंटनपाशी पोलिसांनी त्यांना अडवले. अश्रुधूर झाला, मग गोळीबार. त्या दिवशी १५ माणसे मेली. फ्लोरा फाउंटनपासून कौन्सिल हॉल एक किलोमीटरही नाही. ज्या सभागृहात त्यांच्या शहराचे भवितव्य ठरायचे होते, तिथवर ती माणसे पोचू शकली नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या पुढे शंभरावर गेली.

१९५७च्या निवडणुकीत मात्र हा लढा मतपेटीतून आत शिरला. संयुक्त महाराष्ट्र समितीचे एस. एम. जोशी आणि आचार्य अत्रे यांच्यासारखे लोक निवडून येऊन त्याच सभागृहात बसले. तीन वर्षांनी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य झाले.

राज्य झाल्यावरच्या दोन दशकांत इथल्या विधिमंडळाने सहकार, जिल्हा परिषदा, जमीनधारणेची कमाल मर्यादा असे कायदे केले. त्यांतला रोजगार हमीचा कायदा वेगळा काढून सांगावासा वाटतो. वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी सरकारने कायद्याने घ्यावी, हा त्यांचा आग्रह. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लाखो हातांनी ही कल्पना किती निकडीची आहे हे दाखवून दिले. १९७७ साली दोन्ही सभागृहांनी कायदा एकमताने केला. पैशासाठी व्यवसाय कर आधीच, १९७५ साली बसला होता. फोर्टातल्या कचेरीतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये माणदेशातल्या पाझर तलावावर मातीची पाटी उचलणाऱ्या बाईच्या मजुरीत जाऊ लागले. शहर आणि गाव यांना इतक्या थेट जोडणारा दुसरा कायदा मला आठवत नाही.

जागा मात्र पुरेना. १७५ सभासदांची विधानसभा १९५२ साली ३१५ची झाली, १९५७ साली गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्यात ३९६ची. गुजरात वेगळे झाल्यावर आकडा २६४वर आला, पण १९७८पासून तो २८८ झाला. शिवाय विधान परिषदेचे ७८. समित्या, ग्रंथालय, पत्रकार, भेटायला आलेली मतदारसंघातली माणसे हे सगळे खलाशांच्या खोल्यांत मावणे शक्य नव्हते. नरिमन पॉइंटला विधान भवन बांधले गेले. एप्रिल १९८१मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि विधिमंडळाने ही इमारत सोडली.

पुढच्या वर्षी इथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आले. ते १९८२ साल मुंबई पोलिसांसाठी फार कठीण होते. ऑगस्टमध्ये शिपायांनी संप केला आणि तो कठोरपणे मोडला गेला. शिपायाचे घर, ड्यूटीचे तास, पगार हे प्रश्न तेव्हा चव्हाट्यावर आले, आणि त्यांतले काही आजही पोलीस वसाहतींत गेले की ऐकू येतात. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री लिओपोल्ड कॅफे आणि ताजमहाल हॉटेल ही दहशतवादी हल्ल्याची ठिकाणे या फाटकापासून पायी जाण्याच्या अंतरावर होती.

२०१८मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला; त्यात ही इमारतही आहे. फोर्टात वारसा फेऱ्या काढणाऱ्या तरुण मंडळींना एक विनंती आहे. इथे थांबल्यावर स्टीव्हन्सच्या कमानी आणि नेपच्यून जरूर दाखवा. पण फेरीची सुरुवात हुतात्मा चौकातून, म्हणजे फ्लोरा फाउंटनपासून करा, २१ नोव्हेंबरच्या मोर्चाला जी वाट चालू दिली गेली नाही त्या वाटेने लोकांना इथवर आणा, आणि फाटकासमोर कोकणातल्या कुळांचा १० जानेवारीचा मोर्चाही सांगा.